समोर कोण?

शेतकऱ्यांना बदनापूर ठाऊक आहे ते तुरीमुळे. ‘बीडीएन ७११’ या वाणातलं बीडीएन म्हणजे बदनापूरच. इथल्या एखाद्या पोराला स्पिनिंग हूक किक शिकायची असली, तर तो मोबाइल भिंतीला टेकवून घरातच सुरू करतो. अंगाची पूर्ण गिरकी, क्षणभर पाठ समोरच्याकडे, आणि मग टाच थेट कानशिलावर. व्हिडिओत हे सगळं दिसतं. पण टेकलेला पाय टाच उचलून चवड्यावर फिरायला हवा, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. शहाबादी फरशीवर बुटासकट तो पाय अडला, की गिरकीचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. शिवाय समोर काहीच नसलं, तर उडालेला पाय आपल्यालाच ओढत नेतो.

एकट्याला गुरू नसतो हे खरंच. पण त्याहून जास्त नडतं ते प्रतिस्पर्धी नसणं. ही अडचण फार जुनी आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या मेहनतीत खांबावरचा व्यायाम आला आहे. मल्लखांबाची आपल्याला माहीत असलेली कथा मात्र पेशवाईच्या अखेरची. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे पैलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागितली, सप्तशृंगीच्या डोंगरात वानरांच्या उड्या पाहून लाकडी खांबावर डाव बसवले आणि परत येऊन अलीला चीत केलं, असं सांगतात. (बदनापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथे ही गोष्ट ऐकताना नेमकी कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्नच!)

वानरांचा भाग मी फारसा मनावर घेत नाही. पटते ती मुदत, आणि पटतो तो खांब. अलीच्या ताकदीचा जोडीदार सरावाला मिळणार कुठून? म्हणून लाकूड. मल्लखांबाला मान असते, वर बोंड असतं. सागवानी किंवा शिसवी अंगाला एरंडेल चोळलेलं असतं. तो शिकवत काहीच नाही, पण पकड चुकली की माणूस घसरून खाली येतो.

हीच युक्ती इतरांनाही सुचली. ओकिनावाच्या कराटेवाल्यांनी जमिनीत फळी रोवून तिला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळली. दक्षिण चीनमधल्या विंग चुनच्या लाकडी पुतळ्याला तर तीन हात आणि एक पाय! ब्रूस ली हाँगकाँगमध्ये इप मानकडे विंग चुन शिकला. १९७३च्या ‘एंटर द ड्रॅगन’नंतर जगभरच्या पोरांनी त्याच्या लाथा उचलल्या, पुतळा मात्र मागेच राहिला.

आपला मुलूख कपाशीचा, इथे पोत्यांना तोटा नाही. पोतं निंबाच्या फांदीला टांगावं, आधी कमरेच्या उंचीला. आत चिंध्या ठासाव्यात. वाळू नको, ती तळाशी बसून दगड होते.