विघटनशील सहपॉलिएस्टर : दोषातून गुणाकडे

प्रस्तावना

बहुवारिकांचा इतिहास सामान्यतः टिकाऊ पदार्थांचा इतिहास म्हणून मांडला जातो. वलय उघडून तयार होणाऱ्या सहपॉलिएस्टरांची वाटचाल मात्र याच्या उलट आहे. पाण्यामुळे विघटन पावणे हा या पदार्थांचा प्रारंभी दोष मानला गेला. पुढे तोच त्यांचा प्रधान गुण ठरला. या परिवर्तनाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कॅरोथर्स यांचे संशोधन

वॉलेस कॅरोथर्स १९२८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत रुजू झाले. अम्ल व अल्कोहॉल यांच्या संघननात प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तो काढून टाकल्याशिवाय साखळी लांबत नाही. लॅक्टाइडसारख्या चक्रीय एस्टराचे वलय उघडताना पाणी तयारच होत नाही. कॅरोथर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये सहा अणूंच्या वलयाच्या अशा एस्टरांचे बहुवारिकीकरण व्युत्क्रमी असल्याचे दाखविले. परंतु त्या काळी हाती आलेली अॅलिफॅटिक पॉलिएस्टरे कमी तापमानास वितळत व पाण्यापुढे टिकत नसत. वस्त्रासाठी ती निरुपयोगी ठरली. संशोधन पॉलिअमाइडांकडे वळले व १९३५ मध्ये नायलॉन सिद्ध झाले.

शस्त्रक्रियेची गरज

शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी त्या काळी जनावरांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगट वापरीत. तो प्रथिनरूप असल्याने ऊतींत दाह होई व त्याचे शोषण एकसारखे नसे. १९६६ मध्ये कुलकर्णी व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतील रोपणासाठी पॉलिलॅक्टिक अम्लाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक अम्लाचा ‘डेक्सॉन’ हा धागा व १९७४ मध्ये ग्लायकोलाइड आणि लॅक्टाइड यांच्या ९०:१० सहबहुवारिकाचा ‘व्हिक्रिल’ हा धागा वापरात आला. दुसऱ्याचे शोषण साधारणतः ५६ ते ७० दिवसांत पूर्ण होते.

गुणनिर्धारणाचे महत्त्व

दोन एकवारिकांचे प्रमाण बदलले म्हणजे विघटनाचा वेगही त्याच प्रमाणात बदलेल, असे वरकरणी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. शुद्ध पॉलिग्लायकोलाइड स्फटिकी असते, शुद्ध एल-पॉलिलॅक्टाइडही स्फटिकी असते; मिश्रणाच्या मधल्या पट्ट्यात मात्र साखळीची नियमितता मोडून पदार्थ अस्फटिकी होतो, पाणी सहज शिरते व ५०:५० च्या आसपास विघटन सर्वांत जलद होते. १९७९ मधील गिल्डिंग व रीड यांच्या अभ्यासाने रचना व गुणधर्म यांचा हा संबंध पुढे आणला. त्यामुळे केवळ निर्मिती पुरेशी राहिली नाही. एनएमआरने घटकांचे प्रमाण, जीपीसीने रेणुभार व डीएससीने औष्णिक वर्तन निश्चित करणे अनिवार्य झाले. अशा नियंत्रणामुळेच १९८९ मध्ये महिनाभर औषध सोडणाऱ्या ल्यूप्रोलाइडच्या सूक्ष्मगोलांना अमेरिकेत मान्यता मिळू शकली.

निष्कर्ष

१९३२ ते १९८९ या काळात या पदार्थाचा मूळ रासायनिक स्वभाव बदलला नाही. बदलले ते प्रयोजन आणि मोजमापाची क्षमता. एखाद्या पदार्थास निरुपयोगी ठरविणारा निर्णय हा त्या काळच्या गरजेपुरताच असतो, हे यावरून स्पष्ट होते.