रिसोड : नावाचा शोध आणि सूचीची मर्यादा

वाशीम जिल्ह्यातील रिसोड ह्या गावाच्या इतिहासावर प्रबंधिका लिहू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याने अभिलेखांच्या व ग्रंथांच्या ऑनलाइन सूचीत गावाचे नाव घालून पाहिले. हाती फारसे काही लागले नाही, तेव्हा ‘साधने उपलब्ध नाहीत’ असे वाक्य लिहून तो मोकळा झाला. हे वाक्य अलीकडे अनेक प्रबंधांच्या प्रस्तावनांत दिसू लागले आहे. ते कितपत खरे मानावे, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात कर्तव्य आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, कागद ज्या कचेरीत निर्माण झाला, त्या कचेरीच्या व्यवस्थेप्रमाणे तो सूचीत बसतो. आजच्या जिल्ह्याप्रमाणे नव्हे. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बासीम’ नावाचा जिल्हा होता. तो १९०५ मध्ये मोडला आणि वाशीम तालुका अकोल्यास जोडला गेला. म्हणून १९१० चे ब्राउन व नेल्सन यांनी संपादिलेले गॅझेटिअर ‘अकोला’ ह्या नावाचे आहे, तर १८७० चे लायल यांचे गॅझेटिअर सगळ्या वऱ्हाडाचे आहे. वाशीम जिल्ह्याचे गॅझेटिअर शोधणाऱ्यास ही दोन्ही सापडणार नाहीत, आणि रिसोडच्या अभ्यासकास तर दोन्ही अवश्य पाहावी लागतात.

जिल्ह्याच्या वरची सत्ताही स्थिर नव्हती. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दोअंमल होता. पुढे एकट्या निजामाचा अंमल आला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले, तेव्हा सरकारी कागदांत त्याचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले. १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडले गेले, १९५० मध्ये मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. एकाच गावाचे कागद त्यामुळे हैदराबाद, नागपूर, मुंबई व दिल्ली अशा अनेक ठिकाणी विखुरले असणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ खुले केल्यापासून दिल्लीचा प्रवास पुष्कळ वाचला आहे. परंतु तेथे काय विचारावे हे राज्यकारभाराचा इतिहास जाणल्यावाचून कळत नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. वाशीम आणि बासीम ह्यांतील ‘व’ व ‘ब’ यांचा भेद वऱ्हाड व ‘बेरार’ ह्या जोडीतही दिसतो. अकबरकालीन ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील ‘बासिम’ सरकारचा उल्लेख आहे, आणि इंग्रजी दप्तरांतही बकारयुक्त रूपच रुळले. वऱ्हाडच्या अंत्य ‘ड’ चा ‘बेरार’ मध्ये ‘र’ झालेला आहे, हेही रिसोडच्या दृष्टीने महत्त्वाचे होय. मूळ फारसी वर्णमालेत ‘ड’ नाही. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. अशा लेखनात रिसोडचा ‘रि’ ‘र’ वाचला जाणे, ‘ओ’ चा ‘ऊ’ होणे, ‘ड’ च्या जागी ‘द’ किंवा ‘र’ येणे शक्य असते. सूचीकाराने जे वाचले तेच सूचीत उतरते.

मराठी लेखनही ह्यातून सुटलेले नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार सर्रास आढळतात. ‘वाशीम’ हे रूप अकारान्त शब्दांच्या नियमास धरून आहे, तर शासकीय व्यवहारात ‘वाशिम’ असे लिहितात. आपण दोन्ही एकच वाचतो. संगणकास मात्र हे दोन भिन्न शब्द होत. प्रत्यय लागलेली रूपे वेगळी शोधावी लागतात, ती निराळीच.

येथे उलट दिशेने होणाऱ्या चुकीविषयीही सावध केले पाहिजे. रिसोडचे जुने नाव ‘ऋषिवट’ होते असे सांगतात. ऋ चा रि, ष चा स, वट चा वड, आणि पुढे अव चा ओ, हे सर्व बदल मराठीच्या ध्वनिनियमांत बसणारे आहेत. परंतु ध्वनिनियमांनी व्युत्पत्ती शक्य ठरते, सिद्ध होत नाही. गावाचे नाव पुढे संस्कृतात घडविले गेल्याचीही उदाहरणे आहेत. वाशीमची गोष्ट वेगळी. तेथे वाकाटकांच्या विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट १९३९ मध्ये सापडला, त्यात वत्सगुल्म हे नाव आहे, आणि राजशेखराने त्याचेच ‘वच्छोम’ हे प्राकृत रूप वापरले आहे. मधला दुवा हाती असल्यामुळे तेथे व्युत्पत्तीस आधार मिळतो. तेव्हा ‘ऋषिवट’ हा शब्द सूचीत अवश्य घालावा, पण तो शोधाचे साधन म्हणून; निष्कर्ष म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट सूचीच्या स्वरूपाची. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथसूची चाळताना इष्ट नोंदीच्या शेजारची नोंद आपोआप दृष्टीस पडते, आणि कित्येकदा तीच अधिक उपयोगी ठरते. संगणकीय सूची विचारले तेवढेच सांगते. शिवाय सूचीत बहुधा फाइलचे शीर्षक असते, आतील मजकूर नसतो. सारा, कापूस, दुष्काळ अशा शीर्षकांच्या आत जिल्ह्यातील गावांची माहिती दडलेली असते. म्हणून गावावरून न शोधता विषय, कचेरी व काळ ह्यांवरून शोधणे पुष्कळदा अधिक फलदायी होते.

ह्या विवेचनाचा हेतू सूचीस दोष देण्याचा नाही. तिच्यामुळे रिसोडसारख्या ठिकाणी बसून दूरच्या अभिलेखागाराचे दार ठोठावता येते, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘साधन नाही’ ह्या दोन विधानांतील अंतर पुसले गेले, तर त्याचा परिणाम घरोघरच्या कागदांवर होतो. पाटील, कुळकर्णी, देशमुख यांच्या घराण्यांतील मोडी रुमाल अद्याप कोणत्याही सूचीत चढलेले नसतील. इतिहासच नाही असे एकदा ठरले की, ते पाहावयास कोणी जाणार नाही, आणि मग तो निष्कर्ष खरोखरच खरा होऊन बसेल.

यास्तव प्रत्येक प्रबंधात शोधाची टिपणी जोडावी : कोणती सूची, कोणत्या दिवशी, नावाच्या कोणकोणत्या रूपांनी पाहिली. अशा टिपण्यांतून प्रत्येक तालुक्याची स्थलनाम-रूपसूची विद्यार्थ्यांच्या हातूनच तयार होईल. रिसोडपासून तिचा आरंभ करण्यास काहीच प्रत्यवाय नाही.