मॉडेल रेल्वेचे रूळ कसे बसवायचे? गोंद लावण्याआधी हे वाचा

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. ते बघून आल्यावर घरीही छोटी गाडी पळवावी असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं. पण मी आधी रूळ चिकटवले आणि गाडी नंतर चालवून बघितली. एका वळणावर इंजिन दर फेरीला घसरायचं. शेवटी रूळ उपटावे लागले, त्यात दोन तुकडे वाकले आणि पैसे वाया गेले. तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

इथे आपण एचओ स्केल धरूया. म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकार. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं.

१. पाया तपासा
प्लायवुड सपाट हवं. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप उघडा आणि फोन बटणं नसलेल्या कडेवर उभा ठेवून माप घ्या. चढ द्यायचाच असेल तर १ मीटरला २ सेमीपेक्षा जास्त नको. मग पेन्सिलने मार्गाची मधली रेघ आखा. वळणाची त्रिज्या निदान ४५ सेमी ठेवा. लांब डबे असतील तर त्याहून जास्त.

२. कॉर्कची पट्टी
रेघेवर कॉर्कची पट्टी चिकटवा. त्यामुळे आवाज कमी होतो आणि रूळ खऱ्यासारखे थोडे उंच दिसतात.

३. रूळ तात्पुरते बसवा
इथे गोंद नको, फक्त टाचण्या. दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या क्लिपला जॉइनर म्हणतात. रूळ जॉइनरच्या आत गेलाय की वर चढलाय, हे नीट बघा. सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर चाकही अडकणार. सरळ भागात काही सांध्यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा, कारण दमट हवेत लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात रूळ पसरतात.

४. गाडी चालवा
सर्वात लांब डबे जोडा. हळू, जोरात, पुढे, मागे, सगळं करून बघा. फोन रुळाच्या उंचीवर ठेवून स्लो मोशन व्हिडिओ काढा. चाक नेमकं कुठे उडतं ते डोळ्यांना दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. इंजिन मध्येच थांबत असेल तर जॉइनर सैल असू शकतो, कारण वीज रुळांतूनच येते.

५. आता पक्कं करा
रुळाखाली पांढऱ्या गोंदाचा पातळ थर पुरतो. खिळे वापरणार असाल तर ते पूर्ण ठोकू नका. खिळा जास्त दाबला की स्लीपर वाकतो, रूळ जवळ येतात आणि गाडी घसरते.

६. खडी सगळ्यात शेवटी
खडी पसरून ब्रशने सारखी करा. अर्धा गोंद, अर्धं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. लिक्विडमुळे ते खडीत नीट मुरतं. रूळ बदलण्याच्या जागी, म्हणजे पॉइंटच्या हलत्या भागात, एक थेंबही जाऊ देऊ नका. रात्रभर वाळू द्या आणि रुळांचा वरचा भाग पुसून घ्या.

थोडक्यात काय, टाचणी काढायला दोन सेकंद लागतात, वाळलेला गोंद काढायला अख्खा रविवार जातो. आधी गाडी पळवा, मगच गोंदाची बाटली उघडा!