धन, समाधान आणि ईश्वरनिष्ठा : ठाणे-कल्याणच्या इतिहासातील तीन प्रसंग

ख्रिस्ती धर्म धनाविषयी काय सांगतो, असे कोणास विचारले तर बहुधा उंट आणि सुईचे नेढे हा दृष्टांत पुढे येतो आणि श्रीमंताला स्वर्गाचे दार बंद, एवढा अर्थ सांगून विषय संपविला जातो. प्रश्न इतका सोपा असता तर त्यासाठी चर्चमध्येच शतकानुशतके वाद झाले नसते. त्या वादाचे धागे आपल्या ठाणे-कल्याणपर्यंत येऊन पोहोचतात, ही गोष्ट मात्र फारशा कोणाच्या ध्यानात नाही. ते धागे येथे उलगडून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम मूळ शिकवण पाहू. येशूने डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांचे आणि रानातील फुलांचे उदाहरण देऊन उद्याची चिंता करू नका, असे सांगितले. कोठारे वाढविण्याचे बेत करीत असता त्याच रात्री मरण पावलेल्या श्रीमंताची गोष्टही त्यानेच सांगितली. संत पौलाने सर्व अनर्थांचे मूळ म्हणून बोट ठेवले ते पैशावर नव्हे, पैशाच्या लोभावर. विपुलतेत आणि टंचाईत सारखेच समाधानी राहावयास आपण शिकलो, असे तो फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो, आणि लिहितो तो कैदेतून. समाधान हा उपजत स्वभाव नसून शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यातून दिसते. ती शिकवण आपल्या भागात कोणी कशी आचरली, हे आता पाहावयाचे.

पहिला प्रसंग कल्याणचा. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला आहे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ते आपले कल्याणच होय. येथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाई, असे तो सांगतो. येथे ख्रिस्ती मंडळी असून तिचा बिशप इराणात नेमला जाई, हेही तोच नोंदवितो. म्हणजे ख्रिस्ती धर्म आपल्याकडे व्यापाराच्या वाटेवरूनच आला. कल्याणच्या व्यापाऱ्यांना धन आणि धर्म यांची सांगड नवी नव्हती. त्यांनी त्याच्याही आधी कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानांचे शिलालेख आजही वाचता येतात. खुद्द कॉस्मसने पुढे व्यापार सोडला आणि तो मठवासी झाला, असे मानले जाते. त्याने गल्ला सोडला. परंतु ज्या बाजारपेठांनी त्याला जग दाखविले त्यांची निंदा करीत तो बसला नाही. उलट, त्यांची माहिती लिहून ठेवली.

दुसरा प्रसंग ठाण्याचा, १३२१ सालचा. फ्रान्सिस्कन पंथाचे चार संन्यासी होर्मुझहून जहाजाने निघाले होते. वाऱ्याने त्यांना ठाण्याच्या बंदरात आणून सोडले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री अशी त्यांची नावे. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतील एका घरी ते उतरले. त्या घरातील नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीच्या निमित्ताने या परदेशी पाहुण्यांची नावे निघाली, मग धर्माविषयी वाद झाला आणि एप्रिल महिन्यात चौघांचाही वध झाला. त्यांचा सोबती जोर्दानुस त्या वेळी दुसरीकडे होता. त्याने पुढे एका जेनोवावासी तरुणाच्या मदतीने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. काही काळाने ओदोरिक हा संन्यासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. ज्या अधिकाऱ्याने हा वध करविला त्याला दिल्लीच्या बादशहाने देहान्त शासन केले, असेही ओदोरिकच्या वृत्तांतात आहे. तेव्हा हा प्रसंग सांगताना कोण्या एका धर्माला दोष देऊन मोकळे होता येत नाही.

तसे मोकळे होता न येण्याचे आणखी एक कारण आहे. चौघांपैकी थॉमसने त्यापूर्वी कारावास भोगला होता, आणि तोही स्वतःच्याच पंथाच्या वरिष्ठांच्या हातून. आसिसीचा संत फ्रान्सिस हा श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा. त्याने सर्वस्व सोडले आणि नाण्याला हातही लावावयाचा नाही, असा नियम अनुयायांना घालून दिला. १२२६ साली तो वारला. त्यानंतर पंथ वाढला, मठ आणि इमारती झाल्या, आणि नियम किती कडक पाळावयाचा यावरून दोन तट पडले. थॉमस कडक पाळणाऱ्यांच्या बाजूचा होता. त्याची सुटका झाली १२९० च्या सुमारास, आणि मग त्याला आर्मेनियात पाठविण्यात आले. पुढे १३१८ साली मार्सेय येथे याच मताच्या चार संन्याशांना खुद्द चर्चच्या न्यायासनाने दोषी ठरविल्यावर जिवंत जाळण्यात आले. तिकडे चार, आणि तीन वर्षांनी ठाण्यात चार! ठाण्यातील घटनेनंतर दोनच वर्षांनी, १३२३ मध्ये, बाविसाव्या जॉन पोपने निर्णय दिला की, येशू व त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे आग्रहाने म्हणणे हे पाखंड होय.

या वादात सर्व सत्य एकाच बाजूला होते, असे आम्हांस वाटत नाही. नाण्याला न शिवणारे हे संन्यासी शेवटी व्यापाऱ्यांच्या जहाजांनीच प्रवास करीत होते, आणि गृहस्थांच्या घरी उतरून त्यांचेच अन्न खात होते. सर्वांनीच सर्व सोडले तर भिक्षा कोणी घालावयाची? परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही अशा माणसापुढे संपत्तीचा धाक चालत नाही. सत्तेला भीती वाटते ती अशाच माणसाची, मग ती सत्ता राजाची असो की धर्मपीठाची.

तिसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा. मुंबईहून आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास आणि १८५४ मध्ये कल्याणास आली. त्यानंतर पंधरा वर्षांनी कल्याणच्या प्राथमिक शाळेत एक आठ वर्षांचा मुलगा दाखल झाला. हेच पुढचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६९ ते १८७३ ही चार वर्षे त्यांनी येथे काढली. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. पगारी धर्मसेवक म्हणून नव्हे, तर देवावर भार टाकलेला फकीर म्हणून आपल्या लोकांपुढे उभे राहावे, ही त्यांची तळमळ होती. ज्याने कर्जखते इंद्रायणीत बुडविली त्या तुकोबांची भाषा आणि वृत्ती त्यांनी ख्रिस्तचरणी नेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, मुंबईत त्यांचा अंत झाला.

परंतु टिळकांचे वैराग्य समजून घ्यावयाचे तर केवळ त्यांच्या अभंगांवर थांबून चालत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली पाहिजेत. नवऱ्याच्या हाती पैसा टिकत नाही, दारी आलेला कोणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि उद्याची चूल पेटवावयाची कशी, ही काळजी मात्र बाईच्या वाट्याला येते. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत सांगितले म्हणून ते हलके होत नाही. एकाच्या ईश्वरनिष्ठेचा खर्च घरातील दुसरे माणूस मुकाट्याने सोशीत असते, हे ओळखल्याखेरीज निष्ठेचा हिशेब पुरा होत नाही. लक्ष्मीबाईंची स्वतःची श्रद्धा याच ओढाताणीत घडली आणि म्हणून ती आम्हांस टिळकांच्या श्रद्धेइतकीच मोठी वाटते.

या तीन प्रसंगांतून आम्हांस एकच गोष्ट दिसते. समाधान हे स्वतःकडे मागावयाचे असते, दुसऱ्याकडे नव्हे. थॉमसने नाणे नाकारले ते स्वतःसाठी. टिळकांनी पगार सोडला तो स्वतःचा. निवडलेले दारिद्र्य माणसाला मोकळे करते, पण लादलेले त्याला वाकविते. दोहोंना एकच नाव दिल्यामुळे धर्माच्या नावाखाली पुष्कळ अन्याय खपून जातो. डोंबिवलीच्या गर्दीच्या गाडीत लोंबकळत जाणारा मनुष्य घराच्या हप्त्याची चिंता करतो म्हणून त्याला लोभी म्हणता येणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईने चार पैसे वाढवून मागितले असता तिला अंथरूण पाहून पाय पसरावयास सांगणारे आपण मात्र आपल्या अंथरुणाची लांबी दरवर्षी वाढवीत असतो.

याकोबाच्या पत्रात याविषयी रोखठोक सांगितले आहे. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसते ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याची श्रद्धा मेलेली असते, असे तो म्हणतो. देव पाखरांना पोसतो, हे खरेच. परंतु शेजाऱ्याला पोसण्याचे काम त्याने पुष्कळदा आपल्याकडे सोपविलेले असते, आणि समाधानाची कसोटी लागते ती तेथेच.