१९,००० बैल आणि एक दावा

४ जानेवारी १७७९. तुम्ही कार्ल्याच्या खाचरात उभे आहात. भात कधीच झोडून झालंय. मागे एकवीरेचा डोंगर, पुढे इंद्रायणी, आणि खंडाळ्याकडून धुरळा उठतोय. पुण्यावर चालून निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज चार हजारांच्या आत, पण तिच्यासोबतचे बैल १९,०००. तोफा, दारूगोळा, साहेबांचं सामान, बाजारबुणग्यांची ओझी वाहणाऱ्या या जनावरांना रोज चारा हवा, पाणी हवं. मावळात पुढच्या पावसापर्यंत गुरांचा आधार म्हणजे पेंढ्याच्या गंजी. त्या कुणाच्या तोंडी जाणार, ते तुम्हाला दिसतंच आहे.

आज इथं कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनीच ‘इष्टुर फाकडा’ म्हणून नावाजलेला. झाडावरून टेहळणी करताना गोळा लागला म्हणतात. झाडाचं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

पाच दिवसांनी तळेगावात या. गाव जळालेलं आहे, आणि जाळलंय आपल्याच फौजेनं, शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून. डाव अचूक होता. ११ तारखेच्या रात्री इंग्रज जड तोफा तळ्यात ढकलून मागे फिरतात आणि वडगावात कोंडले जातात. तहात १७७३ नंतर बळकावलेला मुलूख, साष्टीसकट, परत करायचं ठरतं. मुलूख म्हणजे ठाणी आणि वसूल. तळ्याचं, गायरानाचं नाव त्यात कशाला येईल?

अगदीच काही नव्हतं असं नाही. फौजेनं पीक तुडवलं तर पेशवाईत ‘पायमल्ली’ची सूट मिळे, उजाड गाव कौल देऊन पुन्हा वसवत. पण ती भरपाई सारा भरणाऱ्याची, जमिनीची नव्हे. याउलट, कोलंबियात २०१६च्या शांतता करारातून उभ्या राहिलेल्या न्यायालयानं २०१९ मध्ये अवा आदिवासींचा ‘कात्सा सू’ हा प्रदेशच युद्धाचा बळी मानला. म्हणजे माणसांबरोबर त्यांची नदी आणि रानही फिर्यादीच्या बाजूला उभं राहिलं.

तळेगावच्या तळ्याला तुम्ही तसं उभं करू पाहताय. कारकून बोरू दौतीत बुडवतो आणि विचारतो, “दावा कुणावर?” तोफा टाकणाऱ्या कर्नल कॉकबर्नचं नाव सोपं आहे. पण जळालेल्या गावाच्या रानासाठी ते जाळणाऱ्या फौजेचे सरदार महादजी शिंदे यांचंही नाव घालावं लागेल. आणि कारकून नाना फडणिसांच्या दफ्तरातला आहे.