मागाचा धोटा आणि मिस्सेंतील प्रवचन

शास्त्रवचन लोकांच्या रोजच्या जीवनास कसें भिडवावें, हा प्रश्न आम्हां मराठी ख्रिस्तजनांस नवा नव्हे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेज्वित फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. त्याच्या आरंभींच एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीस विचारतो कीं, जुनीं पुराणें सुटलीं, आतां आम्हीं वाचावें काय? सुमारें अकरा हजार ओव्या हें त्याचें उत्तर होय. मागणी ऐकणाऱ्याची होती, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरविला, आणि रविवारीं तें गंभीर कारणावांचून गाळूं नये असें सांगितलें.

‘ब’ वर्षांतील सामान्य काळाच्या पांचव्या रविवारीं ईयोबाचें वचन वाचिलें जातें: मजुरीची वाट पाहणारा चाकर, आणि विणकराच्या धोट्याहून वेगानें सरणारे दिवस. अन्य गांवीं धोटा म्हणजे काय तें समजावावें लागेल. भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट कोणास ठाऊक नाहीं? बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी, हें येथील कामगाराचें जिणें. परंतु नुसतें धोट्याचें नांव घेतल्यानें प्रवचन भिडत नाहीं. ईयोबास घाईघाईनें उपदेश करणारे मित्र शेवटीं देवाच्या रोषास पात्र झाले. मग थकल्या मजुरास केवळ ‘धीर धर’ म्हणणारा प्रवचनकार कोणाच्या पंक्तीस बसतो? त्याच रविवारच्या शुभवर्तमानांत प्रभु येशू पेत्राच्या तापलेल्या सासूचा हात धरून तिला उठवितो. मार्कानें तेथें प्रभूच्या मुखीं एकही शब्द घातलेला नाहीं.