वेग, पाणी आणि नशीब: पालखेडचा विजय नेमका कशाचा?

१/
२ नोव्हेंबर २००८. ब्राझीलमधील इंटरलागोसची फॉर्म्युला वन शर्यत. शेवटच्या फेरीची अखेरची काही वळणे उरली असताना लुइस हॅमिल्टन सहाव्या स्थानावर होता आणि जगज्जेतेपदासाठी त्याला पाचवे स्थान हवे होते. पाऊस सुरू झाला होता. पुढे असलेल्या टिमो ग्लॉकच्या गाडीला कोरड्या रस्त्याचे टायर होते. ती मंदावली आणि हॅमिल्टन पुढे सरकला. अवघ्या एका गुणाने तो जगज्जेता ठरला. शर्यत जिंकलेला फिलिपे मासा उपविजेता राहिला.

२/
हे नशीब म्हणावे की कौशल्य? शर्यतींचे चाहते आजही यावर भांडतात. काहींच्या मते पावसाने विजेता ठरवला. काही म्हणतात, वर्षभराच्या कामगिरीने तो तिथवर पोहोचला नसता, तर पाऊस त्याच्या काय कामाचा होता? तिसरा पक्ष विचारतो, या साऱ्यात गाडी बनवणाऱ्यांचे श्रेय किती? मित्रहो, हाच तिहेरी प्रश्न आज आपण अठराव्या शतकातील एका घोडेस्वाराला विचारणार आहोत.

३/
त्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात यावे लागेल. शहराच्या पश्चिमेला, वैजापूर तालुक्यात पालखेड नावाचे गाव आहे. (नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते.) फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजाम-उल-मुल्क आसफजाह याला याच परिसरात कोंडीत पकडले. त्यात मोठे रणकंदन झाले नाही, तरीही दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलली.

४/
आधी प्रतिस्पर्धी पाहू. निजामाला मूर्ख ठरवून बाजीरावांना मोठे करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. १६७१ साली जन्मलेला हा सरदार औरंगजेबाच्या हाताखाली दख्खनच्या युद्धांत मुरलेला होता. १७२४ मध्ये शकरखेड्याच्या लढाईत (आजचे साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा) मुबारिजखानाचा पराभव करून तो दख्खनचा खराखुरा स्वामी झाला. औरंगाबाद हे त्याचे मुख्य ठाणे होते.

५/
समोर बाजीराव होते. त्यांचा जन्म १७०० चा. वडील बाळाजी विश्वनाथ वारल्यावर एप्रिल १७२० मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा त्यांनी वयाची वीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. दरबारात वयाने आणि अनुभवाने मोठी माणसे होती. पेशव्याच्या घरात जन्म आणि तरुणावर विश्वास टाकणारा छत्रपती, या दोन्ही गोष्टी बाजीरावांच्या कर्तृत्वाबाहेरच्या. नशिबाच्या खात्यात ही पहिली नोंद करून ठेवू.

६/
संघर्षाचे कारण काय? दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क १७१९ मध्ये मोगल बादशाहीकडून शाहू महाराजांना मिळाला होता. निजामाने ही वसुली अडवली. सबब अशी, की मराठ्यांचा खरा राजा कोण, सातारचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, याचा निकाल आधी लागू द्या. (हे संभाजीराजे म्हणजे राजाराम महाराजांचे पुत्र. ज्यांच्या नावाने आज शहर ओळखले जाते, ते शंभूराजे नव्हेत.)

७/
म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. छत्रपतींच्या घरातील तंट्याचा निवाडा करणारा पंच निजाम झाला असता, तर साताऱ्याचे राज्य त्याच्या मर्जीवर उरले असते. चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर यांसारखे मातब्बर मराठे सरदार आधीच निजामाच्या गोटात होते. १७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजीराव मोहिमेवर निघाले, ते या पार्श्वभूमीवर.

८/
आता मोहिमेचा मार्ग नकाशावर बोट ठेवून पाहा. बाजीराव प्रथम औरंगाबाद-जालन्याच्या मुलखात शिरले. तिथे निजामाचा सेनापती इवजखान याच्याशी चकमक झाली, पण ते निर्णायक लढाईत गुंतले नाहीत. मग उत्तरेकडे वळून त्यांनी बुऱ्हाणपूरवर धाक निर्माण केला. निजाम त्या संपन्न शहराच्या रक्षणासाठी धावला. तोवर बाजीराव खानदेश ओलांडून गुजरातच्या दिशेने निघून गेले होते.

९/
पाठलाग व्यर्थ आहे, हे निजामाने ओळखले. त्याने अगदी योग्य विचार केला: जो हाती लागत नाही, त्याच्या घरावर जावे. तो दक्षिणेकडे वळला आणि पुणे प्रांतात घुसला. ठाणी पडू लागली. पुणे हाती येताच कोल्हापूरच्या संभाजीराजांना छत्रपती म्हणून पुढे करण्यात आले. शाहू महाराजांना पुरंदर किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी चिमाजीअप्पांवर होती.

१०/
या क्षणी बाजीरावांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपली जहागीर जळते आहे, धनी किल्ल्यात अडकला आहे आणि आपण शेकडो मैल दूर आहोत. सरळ मार्ग एकच, पुण्याकडे धावणे. निजामालाही तेच हवे होते. तिथे त्याच्या तोफा सज्ज होत्या. बाजीराव पुण्याकडे गेले नाहीत. ते खानदेशातून थेट औरंगाबादच्या रोखाने निघाले.

११/
आता निजामाला आपले ठाणे वाचवण्यासाठी परतणे भाग पडले. घाई एवढी, की संथ चालणाऱ्या जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. गोदावरी ओलांडून तो पुढे सरकला आणि पालखेडच्या परिसरात मराठ्यांच्या वेढ्यात सापडला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारख्या सरदारांच्या पथकांनी रसद तोडली, आसपासचे पाणी अडवले आणि निरोपांच्या वाटा बंद केल्या.

१२/
मराठवाड्याचा फेब्रुवारी ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. हा पर्जन्यछायेचा मुलूख. दिवाळीपर्यंत खळाळणारे ओढे माघ-फाल्गुनात क्षीण होतात. हजारो माणसे, घोडे, बैल, हत्ती आणि पाण्याची वाट बंद! निजामाने वाटाघाटी सुरू केल्या. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथाई-सरदेशमुखीवरील शाहूंचा हक्क निजामाला मान्य करावा लागला आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पाठिंबा सोडावा लागला.

१३/
आता हिशेब करू. यात नशीब कुठे होते?
एक, पुणे पडल्यावर शाहू महाराज डगमगले नाहीत. ते निजामाच्या अटींवर तहाला बसले असते, तर बाजीरावांचा सारा डाव जागच्या जागी संपला असता.
दोन, निजाम औरंगाबादसाठी परतला. तो पुरंदरला वेढा घालून बसला असता, तर चित्र वेगळे दिसले असते.
तीन, आकाश कोरडे राहिले. याच दिवसांत मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. दोन दिवसांच्या जोरदार सरींनी पालखेडची कोंडी फुटू शकली असती.

१४/
यातील तिसरी गोष्ट निखळ नशिबाची. पहिलीत शाहूंच्या धैर्याचा वाटा आहे, म्हणजे ते बाजीरावांचे नशीब असले तरी महाराजांचे कर्तृत्व आहे. दुसरी गोष्ट मात्र वेगळी. प्रतिस्पर्धी काय करील याचा अचूक अंदाज बांधणे, याला आपण नशीब म्हणू शकत नाही. १७२१ च्या आरंभी बाजीराव व निजाम यांची समक्ष भेट झाली होती. शकरखेड्याच्या लढाईत तर बाजीराव निजामाच्या बाजूने उतरले होते. त्या फौजेचा वेग, तिचा पसारा, तोफांवरचा तिचा भर, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते.

१५/
आणि गाडीचे काय? बाजीरावांचा वेग ज्या हलक्या घोडदळावर उभा होता, ते त्यांनी शून्यातून निर्माण केले नव्हते. शिवछत्रपतींची शिस्त, संताजी घोरपडे व धनाजी जाधवांचे छापे आणि त्याही आधी याच भूमीवर मलिक अंबरने मोगलांविरुद्ध वापरलेला गनिमी कावा, असा हा दीर्घ वारसा. ज्या खडकी गावाला अंबरने १६१० च्या सुमारास राजधानीचे रूप दिले, तेच पुढे औरंगाबाद झाले.

१६/
मलिक अंबर आठवतो, तो आणखी एका कारणाने. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत (जिल्हा अहिल्यानगर) त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला. शतकानंतर बाजीरावांनी पाणी तोडून शत्रूला जेरीस आणले. एकाने पाणी दिले, दुसऱ्याने नाकारले. दोघांनी जाणले ते एकच: दख्खनमध्ये जमीन आणि पाणी हेदेखील सैन्यच असते.

१७/
मग बाजीरावांचे स्वतःचे काय उरते? घोड्यावरूनच जोंधळ्याची कणसे चोळून खाणाऱ्या बाजीरावांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे: ओझे कमी, वेग जास्त. पण हलके घोडदळ इतर सरदारांकडेही होते. पुणे पडल्याची बातमी ऐकूनही पुण्याकडे न धावण्याचा निर्णय मात्र बाजीरावांचा होता. हेच त्यांचे कौशल्य.

१८/
तरीही संशयी वाचक म्हणेल, एक विजय योगायोगानेही मिळतो. मान्य. म्हणून पुनरावृत्ती पाहावी. डिसेंबर १७३७ मध्ये तोच निजाम मोगल बादशाहीच्या वतीने बाजीरावांना रोखण्यासाठी भोपाळला आला. पालखेडचा धडा तो विसरला नव्हता. या वेळी तोफखाना सोबत होता आणि तटबंदीचा आसरा होता. बाजीरावांनी तोफांवर चालून जाणे टाळले आणि रसद तोडली. दक्षिणेतून येऊ शकणारी कुमक अडवण्यासाठी चिमाजीअप्पा तापीकाठी उभे होते. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला निजामाने माळवा सोडण्याचा करार केला.

१९/
दहा वर्षांनंतर, वेगळ्या प्रदेशात, सावध झालेल्या त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तोच निकाल. शर्यतींच्या जगात हुआन मॅन्युएल फँजिओचे मोठेपण याच कसोटीवर सिद्ध होते. १९५१ ते १९५७ या काळात त्याने पाच जगज्जेतेपदे मिळवली, तीही अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती अशा वेगवेगळ्या गाड्यांतून. गाडी बदलली तरी निकाल बदलत नाही, तेव्हा श्रेय चालकाकडे जाते. आणि नशीब? १९५६ मध्ये मोंझाला पीटर कॉलिन्सने स्वतःची गाडी त्याला दिली नसती, तर ते जगज्जेतेपद संकटात आले असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०/
बाजीरावांची मर्यादाही सांगितली पाहिजे. १७३३ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेत त्यांना सिद्दीचा जलदुर्ग घेता आला नाही. तिथे समुद्र होता, पावसाळा होता आणि मराठी सरदारांत मतभेद होते. घोड्याचा वेग पाण्यावर चालत नाही. जंजिऱ्यापुढे कौशल्य नाहीसे झाले नव्हते, मैदान बदलले होते. ‘अपराजित’ हा शब्द वापरताना ही मोहीमही डोळ्यांसमोर असावी.

२१/
मग नशीब श्रेष्ठ की कौशल्य? पालखेडवरून एक कसोटी मांडता येते. निकालावरून मागे जाऊ नका, निर्णयाच्या क्षणी उभे राहा. त्या माणसाला काय ठाऊक होते? काय ठाऊक होणे अशक्य होते? पहिल्याचा त्याने किती वापर केला आणि दुसऱ्यासाठी किती वाव ठेवला? बाजीरावांना पाऊस रोखता येत नव्हता. पण निर्णायक गाठ पडली ती माघ-फाल्गुनाच्या कोरड्या दिवसांत, तोफा मागे टाकून आलेल्या शत्रूशी आणि पाणवठे आपल्या ताब्यात असताना. नशिबाला बिघडवण्यासारखे फार थोडे त्यांनी शिल्लक ठेवले होते.

२२/
ब्रिटिश फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धेतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अभिमानाने अभ्यासाची जागा घेऊ नये. सारे श्रेय दैवी प्रतिभेला दिले, तर शिकण्यासारखे काही उरत नाही. सारे नशिबाला दिले, तरीही उरत नाही. पुढच्या वेळी वैजापूरच्या रस्त्याने जाल, तेव्हा पालखेडला थांबा, शक्यतो फेब्रुवारीत. ओढ्यांत पाणी किती आहे ते पाहा. निजामापुढचा प्रश्न मग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.